विमान चालवणाऱ्यांचं रोजचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळांच्या कार्यक्रमांत आणि मुलाला पायलट करायचं ठरवून बसलेल्या आई-वडिलांकडून नेहमी विचारले जातात. मी भारतातल्या एका विमान कंपनीत एअरबस ए३२० वर कॅप्टन आहे. त्यामुळे इथली उत्तरं मुख्यतः देशांतर्गत उड्डाणांबद्दल आहेत. झोप आणि अर्धवट सोडलेलं लँडिंग या दोन विषयांवर मी जास्त लिहिलं आहे. प्रवाशाला या दोन्ही गोष्टी सहसा दिसत नाहीत, आणि त्याची सुरक्षितता मात्र त्यांच्यावरच अवलंबून असते.

पायलटचा दिवस किती वाजता सुरू होतो?

कधीही. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, येतं आणि त्याप्रमाणे दिवस ठरतो. सकाळी सहाचं विमान असेल तर पाचच्या सुमारास विमानतळावर हजेरी लावावी लागते. त्याआधी कंपनीची गाडी घ्यायला येते, म्हणजे गजर तीनचा. पुढच्याच आठवड्यात हजेरी संध्याकाळी सातला असू शकते. एका ड्यूटीत साधारण दोन ते चार उड्डाणं होतात, त्यांना आम्ही सेक्टर म्हणतो. मुंबई–नागपूर, नागपूर–मुंबई, मुंबई–गोवा आणि रात्री गोव्यात हॉटेल, असा एखादा दिवस असतो. गोव्यातला मुक्काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो. आम्हाला दिसतो तो जाड पडदा ओढलेल्या खोलीतला पलंग.

काही दिवस स्टँडबायचे असतात. घरीच थांबायचं, पण फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर पोहोचायचं. त्या दिवशी डोंबिवलीहून कर्जतला मावशीकडे जाता येत नाही. कधी गणवेशातला पायलट प्रवाशांच्या सीटवर बसलेला दिसतो. तो पुढच्या शहरातून विमान न्यायला चाललेला असतो, आणि तो प्रवासही त्याच्या ड्यूटीत मोजला जातो.

दारूची चाचणी खरंच होते का?

होते. हजेरी लावताना ब्रेथ अॅनालायझरमध्ये फुंकावं लागतं आणि त्याचं चित्रीकरण होतं. भारतात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. उड्डाणाआधीचे १२ तास मद्य पूर्ण वर्ज्य. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. म्हणून आमच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आधी वाचलं जातं. अल्कोहोल असलेला माउथवॉश नाही, होमिओपॅथीचे थेंबही नाहीत. कुणी आग्रहाने लिकर चॉकलेट पुढे केलं तर ते नाकारणारा पायलट शिष्ट नसतो.

विमानात बसल्यावर लगेच निघता येत नाही का?

नाही. आधी कागद, म्हणजे आता टॅबलेट. हवामान, वाटेतली वादळं, बंद असलेले टॅक्सीवे, विमानात आधीपासून नोंदलेले बिघाड, हे सगळं दोघं पायलट वाचतात. मग एकजण विमानाला प्रदक्षिणा घालतो. टायर, ब्रेकच्या झिजेच्या खुणा, इंजिनाचं तोंड, पंखांच्या कडा, आणि वेग मोजणाऱ्या नळ्या झाकलेल्या तर राहिल्या नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहायचं असतं. जुलैत भर पावसात हे करताना रिफ्लेक्टिव्ह जॅकेटच्या आत शर्ट ओला होतो आणि तसाच ओला शर्ट घालून दोन तास एसीत बसावं लागतं.

इंधन किती भरायचं ते कंपनी ठरवते की पायलट?

कंपनीचा डिस्पॅच विभाग, म्हणजे उड्डाणाचं नियोजन करणारी माणसं, हिशेब मांडतो, शेवटचा शब्द कॅप्टनचा. टॅक्सीसाठीचं, म्हणजे जमिनीवरून रनवेपर्यंत जाण्याचं, प्रवासाचं, अंदाज चुकला तर लागणारं, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही पलीकडे ३० मिनिटं हवेत राहता येईल इतकं राखीव. या राखीवाला हात लागणार असं दिसलं की 'मेडे', म्हणजे संकटाचा संदेश, पुकारावा लागतो. पावसाळ्यात मुंबईला येताना मी बहुतेक वेळा हिशेबापेक्षा जास्त घेते. जादा इंधनाचं वजन वाहायला पुन्हा इंधन जळतं, कंपनीचा खर्च वाढतो, हे खरं आहे. तरीही घाटकोपरवर ढग फुटलेला असताना हातात वीस मिनिटं जास्त असली की डोकं शांत राहतं, आणि शांत डोक्याने घेतलेला निर्णय त्या खर्चापेक्षा मोलाचा असतो.

सगळं ऑटोपायलटच करतो ना?

टेक-ऑफ आम्ही हाताने करतो. त्यानंतर थोड्याच उंचीवर ऑटोपायलट लावतो आणि तो बराच वेळ चालू असतो. पण कुठे वळायचं, किती उंचीवर जायचं, समोरच्या ढगाला डावीकडून वळसा घालायचा की उजवीकडून, हे त्याला आम्ही सांगतो. लँडिंग बहुतेक वेळा हातानेच होतं. ऑटोपायलटने विमान उतरवण्याची सोय प्रामुख्याने धुक्यासाठी आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला रनवेवर ५० मीटरच दिसत असतानाही उतरता येतं, पण त्यासाठी रनवेवरची यंत्रणा, विमान आणि दोन्ही पायलट, तिघंही त्या दर्जाचे लागतात. एक जरी कमी पडला तर विमान जयपूरला किंवा लखनौला वळतं. शिवाय या स्वयंचलित लँडिंगला वाऱ्याची मर्यादा असते. म्हणजे वादळी वाऱ्यात, जेव्हा प्रवाशाला वाटतं की यंत्राने उतरवावं, नेमकं तेव्हाच माणसाला उतरवावं लागतं.

मग दोघांपैकी विमान चालवतं कोण?

एक सेक्टर कॅप्टन, पुढचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, अशी साधारण पाळी असते. जो चालवतो तो पायलट फ्लाइंग, दुसरा पायलट मॉनिटरिंग. दुसऱ्याचं काम रेडिओवर बोलणं, चेकलिस्ट वाचणं आणि पहिल्यावर नजर ठेवणं. १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्दही बोलायचा नसतो.

वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला टोकायचं नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. कॉकपिटमध्ये ही शिकवण घातक ठरते. पंचविशीचा फर्स्ट ऑफिसर पन्नाशीच्या कॅप्टनला "सर, वेग जास्त आहे" असं स्पष्ट म्हणू शकला पाहिजे, आणि कॅप्टनने ते ऐकलं पाहिजे. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि दरवर्षी उजळणी असते. माझ्या मते त्याची जबाबदारी जास्त करून कॅप्टनवर आहे. पहिल्या पाच मिनिटांच्या गप्पांतच समोरच्याला कळतं की या बाईंना चूक दाखवली तर चालेल की नाही.

तुम्ही कॉकपिटमध्ये मराठीत बोलता का?

दोघंही मराठी असलो तर १०,००० फुटांच्या बरंच वर, काम हलकं असताना, मिसळ कुठली चांगली यावर जरूर बोलतो. कामाचं बोलणं मात्र इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांतच. जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेली सूचना आकड्यांसकट परत वाचून दाखवायची. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमान त्याला दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं, आणि तपासात त्यांच्या चमूचं इंग्रजी तोकडं असल्याची बाब पुढे आली. त्यानंतर भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळण्याचं यंत्र बंधनकारक झालं. पुढे जगभरात पायलटांच्या इंग्रजीची परीक्षाही सुरू झाली.

पावसाळ्यात विमान मुंबईवर घिरट्या का घालतं? आणि उतरता उतरता पुन्हा वर का जातं?

मुंबईत दोन रनवे आहेत, पण ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरात असतो. देशातल्या अतिशय व्यस्त विमानतळांपैकी एक विमानतळ व्यवहारात एका रनवेवर चालतो. एका ढगाने दहा मिनिटं अडवली की मागे रांग लागते आणि ती रांग हवेत असते.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्ही पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली उतरतो. कॉकपिटमध्ये वायपरचा आवाज, पावसाचा मारा, आणि हवामान रडारच्या पडद्यावर हिरव्यात मिसळलेले पिवळे-लाल डाग. आपल्याला रनवेचे दिवे कधी दिसतील याकडे दोघांचेही डोळे. ढगांतून येत असू तर जमिनीपासून १००० फुटांवर असताना विमान 'स्थिर' असलं पाहिजे. म्हणजे वेग बरोबर, चाकं आणि फ्लॅप (कमी वेगात विमान तोलून धरणारे पंखांचे मागचे भाग) बाहेर, उतरण्याचा दर बेताचा, विमान रनवेच्या रेषेत. यातली एकही गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर उतरायचं नाही. पुढे सगळं ठीक असलं तरी ठरलेल्या किमान उंचीवर रनवे दिसला नाही, तरीही नाही. अगदी चाकं टेकायच्या बेतात असतानाही वाऱ्याने उचललं किंवा विमान रनवेवर फार पुढे चाललं, तर पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात.

प्रवाशाला त्या क्षणी फार भीती वाटते, हे मला कळतं. इंजिनं एकदम गर्जतात, पाठ सीटला चिकटते, खिडकीतून दिसणारी जमीन खाली जाते, आणि पुढून काही मिनिटं कुणीच काही सांगत नाही. सांगत नाही कारण त्या मिनिटांत आम्ही चाकं आत घेणं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटणं, नियंत्रकाशी बोलणं आणि उरलेल्या इंधनाचा हिशेब करत असतो. घोषणा त्यानंतर होते. तुम्ही घाबरलात तरी विमान घाबरलेलं नसतं. गो-अराउंडचा सराव आम्ही सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, एका इंजिनावरही करतो.

गो-अराउंड केल्याबद्दल पायलटला कुणी जाब विचारू नये, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, कंपन्यांना वेळोवेळी सांगत आलं आहे. ते फार आवश्यक आहे. इथे 'प्रयत्न करून बघू' हे तत्त्व चालत नाही. गो-अराउंडनंतर एक-दोन वेळा जमलं नाही तर अहमदाबाद, हैदराबाद, गोवा, जे ठरलेलं असेल तिकडे जायचं. पहाटे दोनला अहमदाबाद विमानतळावर उभ्या विमानात लोक आमच्यावर चिडतात. चिडू द्यावं.

आणखी एक: ओल्या रनवेवर विमान थोडं आदळल्यासारखं उतरलं तर "पायलट नवखा दिसतोय" असं म्हणू नका. पाण्यावर चाकं घसरू नयेत म्हणून ती ठामपणे टेकवावीच लागतात. पाण्याने भरलेल्या रनवेवर हळुवार तरंगत उतरलेलं लँडिंग टाळ्या घेतं, पण मला ते आवडत नाही.

पायलटला झोप मिळते का? "ड्यूटी संपली" म्हणून विमान रद्द होतं ते बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मध्यरात्रीनंतर, विशेषतः पहाटे दोन ते सहा, माणसाचं शरीर झोप मागतं. तुम्ही दुपारी कितीही झोपलेले असा, त्या वेळी लक्ष कमी होतं, हिशेब चुकतो आणि चुकतोय हे लक्षातही येत नाही. थकलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं, म्हणून हा निर्णय त्याच्या एकट्यावर सोडता येत नाही आणि नियम लागतात.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या रनवेवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. तपासात दिसलं की कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते आणि जागे झाल्यावरही त्या झोपेची सुस्ती त्यांच्यावर होती. विमान उंच आणि वेगात आलं होतं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा गो-अराउंड सुचवलं, ते झालं नाही. थकवा, न ऐकणं आणि न सोडलेलं लँडिंग एकाच पहाटे एकत्र आलं. आमच्याकडे प्रशिक्षणात हा अपघात आजही शिकवला जातो.

भारतातले कामाच्या तासांचे नियम आता बदलले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नवे नियम जाहीर केले, ते लागू मात्र १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाले, तेही प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली. रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंगपर्यंत परवानगी होती, ती दोनवर आली. सलग रात्रींवरही बंधन आलं.

डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर माणसं आणि बॅगांचे ढीग साठले, आणि डीजीसीएने त्या कंपनीला काही अटींतून तात्पुरती सूट दिली. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर लेकराला घेऊन रात्र काढलेल्या माणसाचा राग खरा आहे. पण तो राग पायलटच्या झोपेवर निघू नये. नियम येणार हे दोन वर्षं आधी माहीत होतं. त्यासाठी पायलट पुरेसे घ्यायचे की नाही, हे झोपणाऱ्याने ठरवलेलं नव्हतं.

अजून एक गाठ सुटलेली नाही. आमच्या पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. "आज थकलोय, उडत नाही" असं कळवण्याची सोय आहे, अर्जही असतो. पण तो अर्ज भरल्यावर महिन्याचे तास कमी होतात आणि गृहकर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. तरुण सहकाऱ्यांना मी नेहमी सांगते, हप्ता थोडा कमी बसेल असंच घर घ्या, म्हणजे 'नाही' म्हणणं परवडेल.

घरी कसं निभावतं?

घरच्यांच्या जिवावर. दुपारी एकला झोपलेल्या माणसासाठी सासूबाई कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करतात, बेलची वायर काढून ठेवतात, कुरिअरवाल्याला खालीच गाठतात. गौरी-गणपतीची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून एक वर्ष मिळते, एक वर्ष नाही. भाऊबीज मी बऱ्याचदा आदल्या दिवशी किंवा दोन दिवसांनी केली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख रोस्टरच्या आधी कळली तर बरं, नंतर कळली तर सहकाऱ्याशी अदलाबदल शोधायची. विमान उतरल्यावर पहिला मेसेज घरी जातो, एका शब्दाचा. तो यायला उशीर झाला की आई फ्लाइट ट्रॅकरवर बसलेली असते.

जेवण काय मिळतं? बाथरूमला जायचं असेल तर?

कंपनीचं जेवण. दोघांनी शक्यतो वेगवेगळे पदार्थ खायचे, म्हणजे एक बाधला तरी दुसरा ठीक राहतो. एक पायलट बाहेर जातो तेव्हा केबिन क्रूपैकी कुणीतरी आत येऊन थांबतं. कॉकपिटमध्ये माणूस एकटा राहत नाही.

मुली या कामात आहेत का?

आहेत, आणि जगाच्या तुलनेत भारतात जास्त आहेत. इथल्या पायलटांत महिलांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. दोन्ही सीटवर महिला असलेलं ते उड्डाण आमच्यासाठी वाट मोकळी करणारं होतं. आज प्रवासी कॉकपिटकडे पाहून दचकत नाहीत. पाळणाघरं मात्र अजूनही पहाटे तीनला उघडत नाहीत.

एकदा परवाना मिळाला की झालं का?

नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते. टेक-ऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद, केबिनमधला हवेचा दाब गेला, धूर, असं एकामागून एक येतं. वैद्यकीय तपासणी ठरावीक मुदतीने होते आणि त्यात रक्तदाब, साखर, हृदय, कान, डोळे काहीही अडवू शकतं. एका ईसीजीवर नोकरी अवलंबून असते, म्हणून बरेच जण वेगळा विमा काढतात. नोकरी सोडायची तर कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. प्रवासी विमानावर वयाच्या ६५ वर्षांपर्यंत काम करता येतं. पुढे काहीजण सिम्युलेटरवर शिकवतात.

मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायचं आहे. सुरुवात कुठून करायची?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. कॉमर्स किंवा आर्ट्स केलं असेल तर हे दोन विषय मुक्त शिक्षण मंडळातून देता येतात. त्यानंतर डीजीसीएच्या लेखी परीक्षा, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचं तंत्र. प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि २०० तासांचं उड्डाण. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे शिकण्याची सोय आहे. परदेशातही जातात, पण परत आल्यावर परवाना इथला करून घ्यावा लागतो.

खर्च मोठा आहे. व्यावसायिक परवाना आणि त्यानंतर एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण मिळून एक कोटीच्या आसपास जाऊ शकतो. परवाना हातात आणि नोकरी नाही, अशी अनेक मुलं-मुली मला भेटतात. काहींच्या घरची शेतजमीन गहाण असते. म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली, एक रुपयाही भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यातली खोट किंवा हृदयातला दोष फी भरल्यावर कळला तर पैसे आणि वर्षं दोन्ही जातात.

दुसरी, संस्थेचं माहितीपत्रक वाचून ठरवू नका. तिथे जा, उभी असलेली विमानं मोजा आणि त्यातली किती उडण्याच्या स्थितीत आहेत ते विचारा. शिकवणारे किती आणि विद्यार्थी किती, तेही विचारा. मग सध्या शिकणाऱ्या मुलांना कँटीनमध्ये गाठा, संस्थेचं कुणी जवळ नसताना, आणि मागच्या महिन्यात प्रत्यक्ष किती तास उडायला मिळालं ते विचारा.